तंबू पाडला ती दुपार

आईचा उजवा हात भाजला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात आमच्या घरात सहलीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आम्ही तेव्हा नगरला राहत होतो. वडील शाळेत चित्रकला शिकवत. सुट्टी लागली की चार दिवस कुठंतरी उघड्यावर जाऊन राहायचं, हे त्यांचं वेड. आदल्या उन्हाळ्यात ते आम्हाला डोंगरगणला घेऊन गेले होते. मागून आणलेला अवजड तंबू आणि सोबत डुगडुगत्या पायांचा एक स्टोव्ह. सकाळी वारा सुटला, तसा वडिलांनी आईला स्टोव्ह तंबूत घ्यायला लावला. ती नको म्हणत होती. तंबूचं कापड फडफडत आत आलं, पातेलं लवंडलं आणि चहाचं उकळतं आधण तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं.

नंतर वडिलांनी धावपळ करून टांगा आणला, डॉक्टर केला, महिनाभर घरचं पाणीही भरलं. पण ‘माझं चुकलं’ एवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. आईनंही ते मागितलं नाही. दोघं एकमेकांशी बोलत, पण फार जपून. मी दहा वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्या जपून बोलण्याची मला भांडणापेक्षा जास्त भीती वाटे.

चैत्र संपता संपता वडील एकदा जेवताना म्हणाले, “भंडारदऱ्याला जावं म्हणतो. आठ दिवस.”

आईनं त्यांच्या पानात भाजी वाढली. मग म्हणाली, “येईन. पण सामान मी निवडणार. आणि तिथं काय करायचं, काय नाही, तेही मी सांगणार. कबूल असेल तर बघा.”

वडिलांनी मान हलवली, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. छावणीतलं वापरलेलं सामान भिंगारच्या बाजारात आलं होतं. तिथं एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान होतं. लढाईची सगळी वर्षं त्यांनी फौजेचे तंबू शिवण्यात घालवली होती. दुकानापुढं वडील थेट एका भल्यामोठ्या तंबूपाशी गेले. साहेबाचा तंबू, पुढं पडवीसुद्धा.

“इथं बसून चित्रं काढता येतील,” ते म्हणाले.

आईनं चाचांना विचारलं, “हा उभा करायला माणसं किती लागतात?”

“चार, बाई. अन् पाचवा शिव्या द्यायला.”

मला हसू आलं, पण वडिलांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. आईनं दोन वाशांचा लहान तंबू काढायला लावला आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिनं आणि मी मिळून तो उभा केला. वडिलांना हात लावू दिला नाही. मग घडीच्या खाटा. आईनं पदर खोचला आणि भर बाजारात एका खाटेवर आडवी झाली. येणारेजाणारे थांबले.

“अगं, लोक बघताहेत,” वडील दबक्या आवाजात म्हणाले.

“बघू देत. पाठ माझी आहे.”

पहिलीचा आडवा दांडा पाठीत रुतला. दुसरीचे पाय इतके अणकुचीदार की ओल्या मातीत सरळ खाली गेले असते. तिसरी तिनं ठेवली, तशीच आणखी एक घेतली. ताडपत्रीत तिनं तांब्याभर पाणी ओतलं आणि कुठं गळतं का बघत खालून हात फिरवत राहिली. स्टोव्ह बुटका, रुंद बुडाचा निवडला. वडील रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

निघताना चाचा म्हणाले, “मास्तर, एक ध्यानात ठेवा. वारा अंगावर आला तर तंबू धरून बसू नका. सरळ पाडा. आडव्या कापडाला वारा काय करत न्हाई. उभा वासा मात्र माणूस मारतो.”

“पाडायचाच तर घ्यायचा कशाला?” वडील म्हणाले. चाचा हसले नाहीत.

राजूरपर्यंत सर्व्हिस मोटर आणि पुढं बैलगाडी, असे आम्ही पोचलो. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलेलं होतं. टेकाडावर काही बड्या मंडळींचा तळ होता, त्यांचा तंबू वडिलांना हवा होता तसाच. वडिलांनाही टेकाडावरच राहायचं होतं. आईनं खालची, झाडांपासून दूर असलेली खोलगट जागा धरली. दोन दिवस वडील चित्राची वही मांडीवर घेऊन वरच्या तंबूकडं बघत बसले. आई स्टोव्ह उघड्यावरच पेटवी, दगडांचा आडोसा करून. वारा असला की उशीर होई, पोटात कावळे ओरडत, पण वडील वहीत डोकं घालून बसत. 

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा एकदम पडला. झाडाचं पान हलेना. पश्चिमेकडचे डोंगर काळेनिळे झाले आणि पाण्यावरून धुळीची भिंत यावी तसं काहीतरी आमच्याकडं येताना दिसलं.

“आत चला!” वडील ओरडले.

आम्ही आत शिरलो आणि वाऱ्यापावसाचा पहिला तडाखा बसला. तंबू एका बाजूला कलला. वडिलांनी पुढचा वासा दोन्ही हातांनी मिठीत धरला.

“पाडा तो,” आई म्हणाली.

“थांब, जाईल वारा.”

“अहो, सोडा म्हणते ना!”

“मी धरलाय! नाही पडू देणार!”

त्यांचे पाय मातीत घसरत होते. वासा वाकून करकर आवाज करत होता. आईनं आम्हा दोघांना एका खाटेखाली लोटलं, कोपऱ्यातली लाकडी मोगरी उचलली आणि बाहेर गेली. मला कापडापलीकडं ठोके ऐकू येत होते. ती एकेका खुंटीवर आडवे घाव घालून तणाव्यांचे दोर सोडवत होती. तिसऱ्या ठोक्याला तंबू फुगला, चौथ्याला वडिलांसकट खाली बसला. सगळीकडं अंधार. मग कापडाची कड उचलून आई सरपटत आत आली, भिजलेली, धापा टाकत.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. आईवडील आमच्या खाटेला बिलगून ओणवे बसले होते, आणि गारा कापडावरून त्यांच्या पाठीत बसत होत्या. भाऊ माझा दंड चावत रडत होता. त्या आवाजात वडील काहीतरी बोलले.

“काय?” आईनं विचारलं.

ते पुन्हा बोलले. तिला पुन्हा ऐकू आलं नाही.

“माझं चुकलं!” वडील जिवाच्या आकांतानं ओरडले. “डोंगरगणला! तू नको म्हणत होतीस, मी स्टोव्ह आत घ्यायला लावला! माझं चुकलं!”

आईनं कापडाची कड आणखी आत ओढून घेतली.

“ऐकलं,” आई म्हणाली. “अलीकडं सरका, तुमचं डोकं उघडं पडलंय.”

पाऊस ओसरल्यावर बाहेर आलो तेव्हा टेकाडावर तंबू नव्हता. त्याचं कापड पाण्यात पसरलं होतं आणि एक बाई जिवाच्या आकांतानं हाका मारत होती. वडील धावले. वासा मोडून तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर आला होता. तो शुद्धीवर होता, पण हात हलवता येत नव्हता, ओठ पांढरे पडले होते. आईनं आमची एक खाट तशीच उचलून वर नेली. तिच्यावर त्याला निजवून वडिलांनी आणि आणखी तिघांनी खाली आणलं, खाटेसकट त्यांच्या बैलगाडीत चढवलं आणि राजूरकडं नेलं. त्याची बायको गाडीमागून चालत होती.

आम्ही तिघंच उरलो. जवळच्या वाडीतली एक म्हातारी शेळ्या शोधत आली होती. ती म्हणाली, “पोरं लई गारठली हायेत. घरात चला, बाई. इथं आता काय ऱ्हायलंय?” तिच्याकडं आम्ही गरम नाचणीची भाकरी खाल्ली. आई सारखी उठून दारातून वाटेकडं बघत होती.

वडील दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढल्यावर परतले, तोवर आम्ही पुन्हा तळावर आलो होतो. सदरा चिखलानं माखलेला, डोळे तारवटलेले. खांद्याचं हाड मोडलं होतं, पण माणूस धोक्याबाहेर होता. खाट तिथंच ठेवून आले होते.

“आज निघायचं का घरी?” त्यांनी आईला विचारलं. खरोखर विचारलं.

आईनं आभाळाकडं पाहिलं. “राहू आणखी दोन दिवस. आधी तुम्ही झोपा.”

ताडपत्री उन्हात वाळत पसरली होती. तिच्यावरच ते आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. ऊन तोंडावर येत होतं. आई उठून त्यांच्या उशाशी जाऊन बसली, सावली पडेल अशी, आणि तिथंच तांदूळ निवडू लागली.