बाई पडली की

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काडी, आणि ओठांत कायम टाचण्या धरलेल्या; त्यामुळे बोलणं कमी, हुंकार जास्त. तळ्याकाठच्या बागेत पाळणे होते, छोटी आगगाडी होती आणि एका लाकडी रंगमंचावर रोज दुपारी जोकरचा खेळ व्हायचा. रंगमंचामागच्या खोलीत टाचणी कपडे शिवायची. जोकर होता तिचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या ढगळ विजारी, ऐन वेळी निखळून हातात येणाऱ्या बाह्या, सगळं तिच्या हातचं. शिवण कुठे कच्ची ठेवायची हे ठरवायला तो कसा आणि कुठे पडतो हे पाठ असावं लागतं. तिला ते तोंडपाठ होतं. पडद्याच्या फटीतून बघण्यात तिची अर्धी जिंदगी गेली होती.

दादाचा गुडघा गेला त्या दिवशी तळ्यावरचं धुकं दुपारपर्यंत हललं नाही. तो नेहमीसारखा पडला, लोक नेहमीसारखे हसले, पण उठला नाही. लोक आणखी हसले. ड्रमवाल्याच्या तेवढं लक्षात आलं आणि त्यानं पडदा ओढला.

“आता गं बाई कसं?” व्यवस्थापकानं कपाळाला हात लावला. “खेळ नसला तर दुपारी इथे कुत्रं फिरकणार नाही.”

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. “मी करते.”

“तू? बाईमाणूस?”

“रंगाखाली कोणाला कळतंय?”

कळलं नाहीच. तोंडाला फासलेला पांढरा रंग वाळत गेला तसतसा स्वतःचा चेहरा तिला कुणा दुसऱ्याचा वाटू लागला. रंगमंचावर आली तेव्हा बाहेरचे आवाज पाण्याखालून ऐकावेत तसे लांबून येत होते. ड्रमचा ठोका पडला, ती पडली, आणि समोरून हसण्याची लाट आली. आडवी पडल्या पडल्या तिला वाटलं, आपण तरंगतोय. आजवर तिच्याकडे कुणी एवढं टक लावून पाहिलंच नव्हतं.

फटीतून न दिसलेलं आता दिसू लागलं. पुरुष तोंड उघडून हसत, पण त्याआधी एक नजर शेजाऱ्याकडे टाकत. बायका तोंडावर हात धरत. लहान मुली घाबरल्या की सरळ भोकाड पसरून आईच्या कुशीत शिरत आणि थोड्या वेळानं आपणहून डोकावत. मुलग्यांचं तसं नव्हतं. त्यांना बाप पुढे ढकलत: “जा, हात मिळव. मुलीसारखा घाबरतोस काय?” मुलगा यायचा, हात द्यायचा, तिच्या नडगीवर लाथ घालायचा आणि पळायचा. मंडळी खूष. पण तो हात तिच्या हातात असायचा ना, तो बर्फासारखा गार असायचा.

मग तिनं एक नवीनच चाल काढली. असा मुलगा आला की तीच थरथर कापायची आणि ड्रमवाल्याच्या पाठीमागे लपायची. मुलगा बघतच राहायचा. मग हळूच म्हणायचा, “ये, मी काही करत नाही.” एकदा एका मुलामागे उभा राहिलेला धिप्पाड बापही तेच पुटपुटला, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

असे दिवस गेले. मग एका दुपारी तळ्यावरून वारा सुटला, आणि ती हवेत असतानाच डोक्यावरचा जोकरचा केसांचा टोप उडाला. लांब वेणी पाठीवर सुटली. ती पडली. कालच्यासारखीच, बोटभरही फरक नाही.

कुणी हसलं नाही.

“अगं बाई! लागलं का गं?” पहिल्या रांगेतून आवाज आला. एक गृहस्थ डोक्यावरची टोपी काढून तिला हात द्यायला पुढे धावले. ड्रमवाल्याची काठी हवेतच राहिली. ती उठली, आणि ती शांतता अंगावर ओल्या कपड्यासारखी घेऊन आत गेली.

घरी दादा खाटेवरूनच म्हणाला, “उद्यापासून टोप घट्ट बांध. चार पिना जास्त लाव.”

“पिनांना काय तोटा आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं टोप घातलाच नाही. वेणीला पिवळी फीत बांधली आणि तशीच गेली.

पहिल्या पडण्याला “अरेरे” झालं. ती उठून बसली. कमरेवर हात ठेवून तिनं सगळ्यांकडे रागानं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, फळीवर नीट अंथरला, सुरकुत्या काढल्या, आणि बरोबर त्यावर जाऊन आपटली. मागच्या रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग बायकांचं हसू रांगारांगांतून पसरत आलं, आणि या वेळी तोंडावर हात नव्हते. पुरुषांना वेळ लागला. ते आधी आपापल्या बायकोकडे बघत, ती हसतेय म्हटल्यावर मग सैल होत. हात द्यायला धावणारे गृहस्थ तर रोज कुणी ना कुणी निघतच. त्यांचा हात धरून टाचणी इतक्या अदबीनं उठायची की शेवटी तेच खाली बसलेले असत.

दादा काठी टेकत चालू लागला तेव्हा वहिनी त्याला खेळ बघायला घेऊन आली. वहिनीला हसून हसून उचकी लागली. दादा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. खेळ संपल्यावर तो आतल्या खोलीत आला.

“कसं झालं?” टाचणीनं विचारलं.

“एक चूक नाही. रुमालाचं तर मलाही सुचलं नसतं.”

“मग हसला का नाहीस?”

“माझी बहीण पडत होती गं. मी हसू कसा?”

“वा!” वहिनी म्हणाली. “आणि इतकी वर्षं तुम्ही पडत होतात, तेव्हा?”

“तेव्हा तू हसायचीस की, तोंडावर हात धरून. मी वरून बघायचो.”

“हसत नव्हते मी.”

दादानं तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहतोय असं. बाहेर आगगाडीची शिट्टी झाली. वहिनीनं खाली वाकून त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

गुडघा पूर्वीसारखा झाला नाही. व्यवस्थापकानं दादाला तळ्यावर पायानं चालवायच्या बोटींपाशी बसवलं. तिथून रंगमंच दिसत नाही, नुसता ऐकू येतो. टाचणीचा खेळ पुन्हा बघायला तो कधी गेला नाही, आणि तिनंही कधी बोलावलं नाही. पण दुपारी झाडांपलीकडून ड्रम वाजला की तो बोलता बोलता थांबायचा. मग हसण्याचा मोठा लोट यायचा आणि पाण्यावरून लांब जायचा.

“काय चाललंय हो तिकडे?” बोटीत बसलेलं कुणीतरी विचारायचंच.

“माझी बहीण पडतेय,” दादा सांगायचा, आणि बोटीची दोरी सोडून द्यायचा.