दसऱ्याचा हार

फैजपूरची ऋतिका भंगाळे जळगावात शेतांचे ड्रोन-फोटो साठवणाऱ्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. ‘बहुतेक’ हा शब्द ऐकला की तिचं डोकं फिरतं.

दसऱ्यानंतर जुने फोटो झटपट उघडायचे, पण नवे साठवायला घेतले की रडत रडत जायचे.

“मशिनं जुनी झाली असतील बहुतेक. नवी घेऊ,” मालक हितेंद्रभाऊ म्हणाले.

“आधी मला बघू तर द्या!” ती कडाडली.

सर्व्हरची मशिनं तीन. फोटो उघडायला कुठलंही एक पुरतं; पण नवा फोटो तिन्हींवर लिहिला जातो, आणि तिन्हींचा होकार आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. एक रखडलं की बाकीची दोन ताटकळतात. ऋतिकाने एकेका डिस्कचा वेग तपासला. मधल्या मशिनची डिस्क तापून मंदावली होती.

ती तडक सर्व्हरच्या खोलीत गेली. पूजेला हितेंद्रभाऊंनी स्वतः बांधलेला झेंडूचा हार मधल्या मशिनवर तसाच लटकत होता. देवाचा म्हणून कुणी काढला नव्हता. सुकलेल्या पाकळ्यांनी हवेची जाळी पार बुजली होती.

जाळी साफ झाली, डिस्क निवली आणि फोटो सपासप साठू लागले. सगळं ऑफिस टाळ्या पिटू लागलं.

“काय बदललंस गं?” हितेंद्रभाऊ धावत आले.

तिने मूठभर सुकलेला झेंडू त्यांच्या टेबलावर ठेवला. “पुढच्या दसऱ्याला नुसतं कुंकवाचं बोट लावा, भाऊ. देव तेवढ्यावरही पावतो.”