आमच्या घराखालचं बीळ

आमच्या घराच्या खाली एक बीळ आहे. उंदराचं नव्हे, आमचंच. महाबळेश्वरच्या उतरणीला, मेढ्याच्या अंगाला जी जुनी घरं आहेत त्यांतल्या काही घरांत जमीन शेणामातीची नसते. दगडी जोतं बांधून त्यावर तुळया आणि तुळयांवर फळ्या टाकलेल्या असतात. आमचं घर तसलं. डोंगराच्या बाजूला फळ्या मातीपासून हातभर उंच, दरीच्या बाजूला कमरेइतक्या. मधल्या पोकळीत उभं राहता येत नाही, धड बसताही येत नाही. पोटावर सरपटत जावं लागतं. म्हणून बीळ. त्या बिळात मी पहिल्यांदा गेले ती शिक्षा म्हणून. आता सत्तरीला टेकल्यावर हौसेनं जाते आणि गाव मला हसतं. हसू दे. गावातल्या किती घरांच्या फळ्या कोरड्या आहेत ते मला माहीत आहे.

माझं माहेर सांगलीच्या पूर्वेला, जतकडं. आमच्याकडं पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर आला, नाहीतर सांगावा धाडायचा आणि गप्प बसायचं. मृग लागायच्या आधी माझी आई घराच्या जोत्याची भोकं न् भोकं शेणामातीनं लिंपून घ्यायची, कारण चार थेंब पडले की विंचू कोरड्याला धावतात. हे एवढं ज्ञान घेऊन मी अठराव्या वर्षी या घरात आले. ज्ञान एवढंच होतं, पण मी ते डोक्यावर हंडा घेतल्यासारखं मिरवत होते. आता त्या पोरीची आठवण झाली की वाटतं, कुणीतरी तिचा कान धरायला हवा होता. पुढं धरला, ते सांगतेच.

आमच्या जोत्याला बिळात उघडणारे नऊ झरोके आहेत. पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर सासूबाई, म्हणजे आत्याबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी मलकापूरला निघाल्या. इथं पावसाआधी भिंतींना गवताच्या जाड झडी बांधतात, नाहीतर चार महिन्यांत भिंतीच्या भिंती मऊ होतात. निघताना त्या एवढंच म्हणाल्या की मावळतीच्या झरोक्यांवर झड येऊ दे, उगवतीचे उघडे ठेव. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येत नाही हे दिसलं असतं.

मालक पलटणीत होते. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. पाऊस लागला आणि फळ्यांच्या फटींतून गार वारा अंथरुणात शिरायला लागला. मामंजींना खोकला. त्यात एका झरोक्यातून धामण आत जाताना मी पाहिली. झालं. दोन दिवस खपून मी नऊच्या नऊ झरोके दगड, गोणपाट आणि शेणमाती घालून बंद केले. नुसते बंद केले असते तरी चाललं असतं. मी वर पाची बोटांचे ठसे उठवले, हळदकुंकू लावलं आणि मालकांना पत्र लिहिलं की घर पक्क्या बंदोबस्तात आहे, काळजी नसावी. त्यांचं उत्तर आलं, "शाब्बास." ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपायची.

पहिले पंधरा दिवस घर मस्त उबदार. मग मीठ पाझरलं. पापड तळायच्या आधीच वाकले. चटई उचलली तर खाली फळी काळी पडलेली. मी म्हटलं, पाऊसच तेवढा आहे. मग देव्हाऱ्यामागच्या कोपऱ्यात अळंबी उगवली, चांगली छत्रीएवढी. मला वाटलं, शुभशकुन आहे. मी तिलाही हळदकुंकू लावलं. मामंजी बघत होते. बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "व्हय," एवढंच म्हणाले आणि आपलं अंथरूण उचलून पडवीत नेलं.

गौरींच्या आदल्या दिवशी आत्याबाई परत आल्या. उंबऱ्यातच थांबून त्यांनी नाक वर केलं. मग गौरी बसवायची जागा बघायला म्हणून कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि टाच फळीतून खाली गेली. त्यांनी पाय ओढून काढला, पदरानं पुसला आणि त्या बाहेर गेल्या. मला वाटलं, वाचले. त्यांनी घराला चक्कर मारली, एकेक बुजवलेला झरोका पाहिला. माझ्या बोटांच्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली.

"जतची लेक तू," त्या म्हणाल्या. "तुमच्यात पाणी वरनं येतं, आन् तेबी कवातरी. हितं जमिनीला घाम येतो. तिचं नाकतोंड दाबून धरलंस, मग तिनं जायाचं कुठं? वरच येनार." आणि मग कान धरून, खराखुरा धरून, मला घराच्या दरीकडच्या बाजूला नेलं. "चल, शीर आत."

मी शिरले. आत पहिल्यांदा मला वाटलं छत गळतंय, पण वर तर आमचंच घर होतं. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला थेंब लटकत होते, टिपूस टिपूस, द्राक्षाच्या घडासारखे. तुळईला बोट लावलं तर बोट आत गेलं. बाहेरून त्या एकेक झरोका फोडत होत्या, आतून मी गोणपाट ओढत होते, आणि प्रत्येक झरोका उघडला की माझ्या तोंडावर उजेड आणि शेण दोन्ही येत होतं. माझ्याइतकं स्वच्छ शिक्षण कुणाचं झालं नसेल.

मालकांची त्या वर्षीची सगळी रजा, पूर्ण दोन महिने, त्या फळ्यांत गेली. मेढ्याचे एक मुसलमान सुतार होते, त्यांना घेऊन मालकांनी ऐनाच्या लाकडाच्या तुळया चढवल्या, फळ्या रंधल्या, एकेक फळी स्वतःच्या हातानं बसवली. रात्री जेवताना पुन्हा पुन्हा म्हणायचे, "त्ये शाब्बास मी परत घेतलं बरं का." मला रडूही यायचं आणि हसूही. पण खरं सांगते, लग्नानंतर सलग दोन महिने नवरा घरात राहिला तो त्या एकाच वर्षी. माझ्या मूर्खपणाचं एवढं मोठं बक्षीस कुणाला मिळालं असेल?

ती जमीन जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, मालकही गेले. झरोक्यांचा नेम मी कधी मोडला नाही. मावळतीला झड, उगवतीला उघडं.

आणि दोन वर्षांपूर्वी तोच वास परत आला.

वरच्या अंगाला एका हॉटेलासाठी डोंगर कापून रस्ता काढला, तेव्हापासून पाण्यानं आपली वाट बदलली. आमच्या घरामागची माती उन्हाळ्यातही ओली राहायला लागली. झरोके उघडे असून उपयोग होईना. मुलाला पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला तयार करायच्या होत्या. त्यानं कॉन्ट्रॅक्टर आणला. त्या माणसानं बुटाच्या टाचेनं फळी ठोकली आणि सांगितलं की सगळ्या फळ्या उचकटायच्या, पोकळीत मुरूम भरून ठोकायचा, वर सिमेंटचा कोबा आणि फरशी. मुलाला पटलं. त्याचंही चुकत नव्हतं. ओल्या वासाच्या खोलीत पाहुणा कशाला राहील?

पण त्या फळ्या मालकांच्या हातच्या होत्या, आणि मी हे तोंडानं म्हणणार नव्हते. मी म्हटलं, मला एक पावसाळा दे. मुलानं फळीवर पाय दाबून पाहिला. मग म्हणाला, "एक पावसाळा, आई. नवरात्रात ह्ये कॉन्ट्रॅक्टर बगायला येतील. तवा ओल घावली तर फळ्या निघनार, आन् तू मधी पडायचं न्हाई." मी कबूल केलं.

उपाय मला शेतातच दिसला होता. आमच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर काळा मल्चिंगचा कागद, म्हणजे प्लास्टिकच, अंथरलेला असतो. सकाळी त्याची कड उचलून बघा. वरून कोरडा ठणठणीत आणि खालच्या अंगाला थेंबच थेंब. जमिनीचा घाम कागदाखालीच अडतो. जे वाफ्याला चालतं ते बिळाला का चालू नये?

सून कराडची, कॉलेज शिकलेली, आणि या घरात माझ्याइतकी आगाऊ तीच एक. ती लगेच तयार झाली. मेच्या उन्हात आम्ही दोघी बिळात शिरलो. ती सळसळत गेली. मी अर्ध्यावर तुळईखाली अडकले आणि तिनं मला पाय धरून ओढून काढलं. हे गावात कसं पसरलं ते मला आजही कळलेलं नाही, म्हणजे कळलं आहे, पण सून चांगली आहे. मागच्या बाजूला मुलाकडून खोल चर काढून घेतला, म्हणजे डोंगराचं पाणी घराला वळसा घालून जाईल. आणि आत कागद अंथरला.

आता इथं माझी अक्कल बघा. नवा कागद घरात होता, पण तो लागणीसाठी. मी गेल्या साली काढलेला जुना कागद गोठ्यावरून उतरवला. मल्चिंगच्या कागदाला रोपं लावायला वीतवीतभर अंतरावर भोकं पाडलेली असतात. सून म्हणाली, "आई, ह्याला भोकं हायत."

"भोकं केवढी, घर केवढं," मी म्हणाले.

आषाढात फळ्यांवर ओलीचे गोल डाग उठले. वीतवीतभर अंतरावर, सरळ ओळीनं. घरात खालून कुणीतरी स्ट्रॉबेरीची लागण केली असावी, असे. मुलगा दारात उभा राहून ते डाग बघत राहिला. मग बाहेर गेला आणि मला पडवीतून त्याचा आवाज ऐकू आला. तो कॉन्ट्रॅक्टरला फोनवर विचारत होता की फरशी आत्ताच सांगून ठेवावी का.

ते ऐकलं आणि अठरा वर्षांची ती पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. हळदकुंकू घेऊन. तिला मी म्हटलं, बाई, तू गेली होतीस ना? मग मी सुनेपाशी गेले आणि आत्याबाईंना जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "मला येत न्हाई. तू सांग."

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं सांगितलं की शेततळ्याला टाकलेल्या जाड कागदाचा एक मोठा तुकडा उरलेला आहे, एकही भोक नाही, तो घालू. भर पावसात जुना कागद आम्ही आतड्यासारखा ओढून काढला. मेढ्याहून सुतारचाचाला बोलावलं. मालकांबरोबर काम केलेल्या सुतारांचा हा मुलगा. त्यानं बिळात डोकं घातलं आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या पायी आमच्या अब्बानं दोन महिने रंधा मारला. आता माजा नंबर व्हय?" मी म्हटलं, तुमच्या घराण्याला काम पुरवणारी मीच आहे, उपकार मानायचे सोडून बोलतोस काय.

तो कागद एका तुकड्यात आत जाईना, म्हणून तीन पट्टे केले. या वेळी मी प्रत्येक गोष्ट विचारून केली, आणि एक गोष्ट मला विचारली गेली. पट्टे एकमेकांवर कसे चढवायचे? ते मला ठाऊक होतं. कौलांसारखे. डोंगराकडचा पट्टा वर, दरीकडचा त्याच्या खाली, सांध्यावर दोन हात चढवून. म्हणजे वरून चुकून पाणी आलंच तर कागदावरून घसरून दरीकडं जाईल, सांध्यात शिरणार नाही. कडा जोत्याच्या भिंतीवर वीतभर वर घेतल्या आणि चाचानं त्या लाकडी पट्ट्या ठोकून आवळल्या. मधे चपटे दगड ठेवले. उगवतीच्या झरोक्यांना जाळी बसवली, म्हणजे वारा येईल आणि उंदीर कागद कुरतडायला येणार नाहीत. तीन दिवस लागले. माझे गुडघे पंधरा दिवस बोलत होते.

श्रावणात डाग फिके झाले. भादव्यात वास गेला. मी रोज पहाटे अनवाणी पायानं सगळी जमीन चालून बघायची, फळी न् फळी. सून चहा करता करता विचारायची, "काय म्हंतीया जमीन?" मी म्हणायची, अजून बोलली नाही.

नवरात्रात कॉन्ट्रॅक्टर आला. पांढरा शर्ट, हातात बॅटरी आणि एक टोकदार सुरी. मुलगा त्याच्या मागं. मी देवापुढं बसले होते आणि एकही मंत्र आठवत नव्हता. त्यानं कोपऱ्यातली एक फळी उचलायला लावली आणि खालच्या तुळईत सुरीचं टोक दाबलं. गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी दाबलं. तिथंही नाही. तिसऱ्या ठिकाणी त्यानं दोन्ही हातांचा जोर लावला. सुरी वाकली.

तो मुलाला म्हणाला की वरवर बघून चालायचं नाही, मला आतून बघावं लागेल. मी उठले आणि त्याला दरीकडच्या बाजूला नेलं. तो पांढऱ्या शर्टाकडं बघत घुटमळला. मी म्हटलं, या घरात ज्याला जमिनीबद्दल बोलायचं असतं तो आधी आत जातो, अशी रीत आहे.

गेला बिचारा. आधी डोकं, मग खांदे, मग नुसते बूट दिसत राहिले. आम्ही तिघं बाहेर उभे. मुलानं माझ्याकडं बघितलं नाही. तो त्या बुटांकडं बघत होता. सुनेनं माझा हात धरला होता की मी तिचा, ते आता सांगता येणार नाही. बराच वेळ आतून फक्त कागद वाजत होता.

मग आवाज आला, घुमत. "आज्जी, हितं धूळ हाय वो."

"वली का सुकी?" मी विचारलं.

तो सरपटत बाहेर आला. शर्टाची पार वाट लागली होती. त्यानं तळहात पुढं केला, त्यावरच्या धुळीवर फुंकर मारली आणि ती उडून सरळ माझ्या मुलाच्या तोंडावर गेली. मुलगा शिंकला, डोळे पुसले आणि कॉन्ट्रॅक्टरला म्हणाला, "फरशी ऱ्हाऊ द्या. फळ्यांना पालिश कोन करतंय, तेवडं सांगा."