वाणाच्या लाल वाट्या

स्मिताकाकूंच्या गळ्यात तीन आवाज राहतात. पाया लेबारच्या ऑफिसात, अकाउंट्सच्या टेबलावर, ‘कॅन, कॅन, नो प्रॉब्लेम!’ हे पक्कं सिंगापुरी. बेडोकच्या फ्लॅटमध्ये श्रीनिवासकाकांवर, ‘अहो, तो ओला टॉवेल कुणी उचलायचा?’ हे अस्सल कोथरूड. आणि बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या क्षिप्राताई समोर आल्या की, ‘ॲक्च्युअली ना, आम्ही प्रिफर करतो...’ हा तिसरा, नाकातून येणारा. तो त्यांच्या स्वतःच्या कानालाही टोचतो, पण सुटतोच.

यंदा काकू शेजारच्या लिम आंटींबरोबर कम्युनिटी क्लबात मातीकाम शिकायला जाऊ लागल्या. तिथे सरांनी एकदा फोटो दाखवले. रोमन लोकांच्या राज्यात इटलीची लाल, चकचकीत भांडी जेवणाच्या टेबलावर मिरवायची. दूरच्या प्रांतातले कुंभार आपल्या मातीत त्यांची नक्कल करायचे. अस्सल भांड्याच्या बुडाला कुंभाराच्या नावाचा शिक्का असे, म्हणून नक्कल करणारेही शिक्का मारायचे. लिहिता येत नसलेले तर नुसत्याच अक्षरांसारख्या रेघा उठवायचे.

‘अरे देवा, बिचारे!’ म्हणत काकू पोट धरून हसल्या.

मग संक्रांतीच्या वाणासाठी दोघींनी तशाच छोट्या वाट्या करायला घेतल्या. लिम आंटी चमच्याच्या पाठीने घासघासून तकाकी आणायच्या. ‘आय रब अंटिल माय हँड वाँट टू ड्रॉप, लेह!’ बुडाला मात्र दोघींनी गंमत म्हणून टूथपिकने रेघा ओढल्या.

हळदीकुंकवाला क्षिप्राताईंनी वाटी घेतली आणि आधी फिरवून, मग उलटी करून पाहिली. स्टीलच्या डब्यांवर सासर-माहेरची नावं वाचत वाढलेली बाई. भांडं हातात आलं की नाव शोधणारच.

‘अय्या, काहीतरी लिहिलंय! इटालियन ना गं हे? फ्लोरेन्सला आम्ही सेम टु सेम बघितल्या होत्या!’

‘हो ना, ॲक्च्युअली तिथूनच मागवल्यात,’ काकू बोलून गेल्या.

‘बाई बाई, वाणाला इटली!’ हळदीकुंकवाला आलेल्या अश्लेषाने डोळे मोठे केले. सगळ्या वाट्या उलट्या झाल्या. काकूंना वाटलं, आता सांगून टाकावं. तेवढ्यात अननसाच्या टार्टचा डबा घेऊन लिम आंटी आल्या, आणि क्षिप्राताईंनी त्यांच्या हातात वाटी ठेवली.

‘आंटी, सी! फ्रॉम इटली! सो फाइन, ना?’

आंटींनी वाटीवरून अंगठा फिरवला. मग काकूंकडे पाहिलं. काकू निरांजनाची वात सारखी करायला लागल्या.

‘वाह, इटली आ,’ आंटी म्हणाल्या. ‘सो शायनी. दॅट वर्कर मस्ट बी व्हेरी हार्डवर्किंग.’

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंटी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी वाटी हळूच ताटात परत ठेवली, गॅसवर सूप आहे म्हणाल्या आणि निघाल्या.

काकू लिफ्टपर्यंत धावल्या. ‘आंटी, सॉरी, आय डोंट नो व्हाय आय...’

‘नेव्हर माइंड लाह. नेक्स्ट टाइम से जपान. इटली टू फार.’ आंटी हसल्या, पण तोंडापुरत्या. दार मिटलं.

काकू परत आल्या त्या हॉलच्या मधोमधच उभ्या राहिल्या. ‘क्षिप्राताई, या वाट्या इटलीच्या नाहीत. लिम आंटींनी आणि मी क्लबात केल्यात. मी खोटं बोलले.’

‘अगं, मग सांगायचंस ना! छान जमल्यात हं!’ लहान मुलाचं चित्र बघून म्हणतात ना, अगदी तस्सं. कुणी ओरडलं नाही. गप्पा पुन्हा शाळांच्या ॲडमिशनवर गेल्या.

फक्त अश्लेषाने विचारलं, ‘पण काकू, मग त्या आंटी गप्प का बसल्या?’

काकूंनी कुंकवात बोट बुडवलं होतं. कुणाला लावायचं होतं तेच त्यांना आठवेना.