तिसरीतला चुलता

सावेडीतल्या घरातून निघाले तेव्हा आई डब्यात दशम्या भरत होती आणि वडील पेपर तोंडासमोर धरून निषेध नोंदवत होते. मुलगी शिक्षिका होतेय याला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती पाथर्डी तालुक्याला. सोमवारी नगरला जिल्हा परिषदेत मला शिक्षक हवा असलेल्या शाळांमधून एक निवडायची होती, आणि निवडण्याआधी एक शाळा डोळ्यांनी बघून येते, असं मी जाहीर केलं होतं.

शिक्षिका का झालीस, असं कोणी विचारलं की मी 'मुलांची आवड' असं सांगते. खरं कारण माझी आत्या. "मे महिनाभर सुट्टी, दिवाळीला सुट्टी आणि संध्याकाळी वेळेत घरी," एवढं ती म्हणाली आणि मी डोळे झाकून डी.एड.ला गेले. मुलं ही दोन सुट्ट्यांच्या मध्ये येणारी किरकोळ अडचण असते, असा माझा समज होता. म्हणूनच मी यादीतली सगळ्यात कमी पटाची शाळा हेरली होती. डोंगराकडेची एक वस्तीशाळा, जेमतेम दोन रांगा मुलं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथे मला पुन्हा जेवायला कोणी वाढणार नाही.

बसमध्ये शेजारी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. नातू खिडकीतून डोकं बाहेर काढत होता आणि आजी त्याला आत ओढत होत्या. करंजी घाट लागेपर्यंत त्यांनी माझं शिक्षण, पगार आणि लग्न या तिन्ही विषयांची चौकशी उरकली. मी शिक्षिका होणार हे कळताच त्यांचा चेहरा उजळला.

"बघ रं! मॅडम हायेत या! आता काढ डोकं भायेर!"

पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि जे भोकाड पसरलं, ते तिसगाव आलं तरी थांबेना. मी त्याला दशमी दिली. ती हातात घेऊन तो आणखी जोरात रडला. नोकरीतला माझा पहिला विद्यार्थी असा हाताळला गेला.

पाथर्डीहून पुढे जीप. दोन माणसांच्या जागेत चौघं, आणि गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यापाशी. ड्रायव्हर गिअर बदलताना दर वेळी "माफ करा हं मॅडम" म्हणायचा आणि रस्ता असा होता की तो पूर्ण वेळ माफीच मागत होता. दोन्ही बाजूंना खडकाळ माळ, मधेच कांद्याचे हिरवे वाफे, पुन्हा माळ.

शाळेपाशी उतरले तर फाटकाला आंब्याची पानं बांधलेली. शाळा समितीचे अध्यक्ष भानुदास नाना कडक इस्त्रीच्या टोपीत उभे होते. त्यांच्या मागे शाळेचे एकुलते एक शिक्षक, गुरुजी. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. माझ्याशी फोनवर मोकळेपणानं बोललेला हा माणूस आज मात्र नजर चुकवत होता.

"या मॅडम," नाना म्हणाले. "शाळा एकदम भरल्याली हाय."

भरलेली म्हणजे काय, ते दारातून दिसलं. दोन रांगा कुठल्या, मुलं भिंतीला टेकून, खिडकीत, एकमेकांच्या मांडीवर बसली होती. पुढं बारकी पोरं, त्यांच्यामागे मोठी, आणि सगळ्यात मागे अशी काही, की त्यांना बघून मीच आधी नमस्कार केला. मी सुट्ट्यांसाठी आलेली बाई. एवढ्या जणांची नुसती नाकं पुसायची म्हटलं तरी दुपार होणार.

"काही विचारा की," नानांनी आग्रह केला.

मागच्या रांगेतल्या एकाला मी विचारलं, "कितवीत आहेस तू?"

तो उठला. उठतच राहिला. ओठांवर ताजी भादरलेली मिशी होती आणि खिशातून मोटरसायकलची किल्ली लोंबत होती. "तिसरीत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

माझा विश्वास बसेना. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीला मी विचारलं, "हा रोज येतो का गं शाळेत?"

"त्यो माझा चुलता हाय," ती म्हणाली. "त्याचं लगीन हाय पुढच्या महिन्यात."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नाना खाकरले. ते काही बोलणार एवढ्यात बाहेरून कोणीतरी कोकललं, "लाईट आलीऽऽ!"

त्यानंतर जे झालं ते मी कुठल्याही शाळेत पाहिलेलं नाही. मागच्या सगळ्या रांगा एकदम उठल्या. चुलता खिडकीतून गेला. कोणी दारातून, कोणी माझ्या पर्सवरून, सगळी जनता विहिरीवरच्या मोटरी चालू करायला शेतांकडे पळाली. इथे वीज लहरीवर येते. ती असेपर्यंत भरणं (पिकाला पाणी देणं) उरकायचं असतं, त्यापुढे तिसरीची काय पत्रास! धूळ बसल्यावर वर्गात जेमतेम दोन रांगा पोरं उरली होती. ती निवांत होती. त्यांना ऐसपैस जागा झाली होती.

"आमचं चुकलं," नाना टोपी काढून म्हणाले. "मागं दोन मॅडम आल्या, पट बघून गेल्या. म्हन्ल्या, एवढ्याशा पोरांवर शाळा टिकायची न्हाई. म्हनून म्हन्लं, या वक्ताला भरून दावू."

"अहो नाना, मी पट कमी आहे म्हणूनच आले होते!"

नानांनी माझ्याकडे, मग गुरुजींकडे पाहिलं. "मंग मी त्या पोरांना फुकट दाढ्या करायला लावल्या व्हय?"

मला हसू आवरेना. हसता हसता मी खाली बसले, तर पोरंही हसायला लागली.

पण ही मजा फार टिकली नाही. खिचडी किती मुलांनी खाल्ली हे मोबाईलवर भरायचं होतं आणि रेंज शाळेमागच्या टेकाडावर. गुरुजी "आलोच" म्हणून टेकाड चढले आणि चारही इयत्ता माझ्या गळ्यात पडल्या. पहिलीला 'क' गिरवायला दिला तोवर चौथीची भागाकारावरून मारामारी झाली. ती सोडवली तोवर दुसरीतला एक चड्डीतच मोकळा झाला. त्याला धुतला तोवर पहिलीनं 'क' गिरवून संपवला होता, भिंतीवर. गुरुजी परत आले तेव्हा माझी साडी ओली होती, केसांत खडू होता आणि मी मनातल्या मनात या शाळेवर काट मारली होती. नगरजवळची कुठलीही शाळा चालेल, पटाचं नंतर बघू.

दुपारी दोन वेण्यांच्या त्या मुलीच्या, ऋतुजाच्या, घरी जेवण होतं. तिची आई द्वारकाताई हिनं शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे हातावर वळून झणझणीत रश्श्यात शिजवलेले तुकडे) केले होते. मी पोट फुटेस्तोवर खाल्ले. जेवताना गुरुजी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊस तोडायला जाते. शाळा चालू असली तर पोरं आजीजवळ राहतात. शिक्षक नाही म्हणून बंद पडली तर ती पण फडात जातात." मला खडूनं पांढरा झालेला माझा डावा हात दिसत होता आणि मी ताटात बघून खात होते.

जीप आली. मी चढून बसले तशी द्वारकाताई खिडकीशी आली.

"मॅडम, तुमी येनार का न्हाई ते नका सांगू," ती म्हणाली. "तुमची काय अडचन असंल. फकस्त एवढं सांगा, पोरीला हितं ठेवू का संगं न्हेऊ? मला सासूशी तसं बोलावं लागंल."

'कळवते' हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ऋतुजा आईचा पदर धरून माझ्याकडे बघत होती.

"ठेवा," मी म्हटलं. कोण बोललं म्हणून मीच दचकले.

द्वारकाताईनं ना आभार मानले, ना डोळ्याला पदर लावला. ती लगेच कामाचं बोलायला लागली. "मंग खिचडीतलं वाटानं ती दप्तरात लपविती, तेवढं बघा. डावा कान फुटतो, थंडीत बांधायला लावा." जीप हलली तशी ती बाजूनं चालू लागली. "आन् कधी कधी वर्गात उगं गप बसून ऱ्हाती. तवा वरडू नका. माझी सय आल्याली असती."

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, पण मी फारसं काही पाहिलं नाही. सुट्ट्यांच्या लोभानं निघालेली बाई मी. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय जीपच्या खिडकीतून एका शब्दात देऊन बसले होते.

सोमवारी मी शाळेचं नाव सांगितलं तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, नगरजवळच्या शाळा आहेत अजून शिल्लक. नीट विचार करा."

"साहेब, विचार केला असता," मी म्हटलं, "पण पोरगी ठेवा म्हणून सांगून आलेय."

त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी शाळेचं नाव लिहून घेतलं.