माझ्या टोकनवरचा टॅग

ऑफिसात पुण्याहून दोन पाहुणे आले होते. साहेबांनी भिंतीवर मोठा पडदा लावला आणि म्हणाले, "नमुना म्हणून आपल्याच पोरीचं टोकन उघडतो."

पडद्यावर माझं नाव आलं. बी.कॉम. संगणक येतो. त्याखाली कामाचा टॅग : सफाई.

एक पाहुणा हसला. "हिला झाडायला ठेवलीय होय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावरचा पत्ता वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, "आधी सांगितलं नाहीस?"

जणू मी चोरी केली होती. मी मान खाली घातली. आजही त्या मान खाली घालण्याचा मला राग येतो.

आमचं ऑफिस सांगलीजवळ कुपवाडला. कारखान्यांत काम मागणाऱ्या प्रत्येकाचं आम्ही ब्लॉकचेनवर टोकन काढतो, म्हणजे त्याची कायमची डिजिटल नोंद. कारखानदार टॅग बघून माणूस बोलावतो. एकदा चढलेली नोंद पुसता येत नाही. दुरुस्ती केली तर ती वर येते, पण जुनी खाली दिसत राहते, आणि कुणी केली त्याचं नावही. साहेब हे सगळ्यांना अभिमानानं सांगतात.

फॉर्मवर जात विचारत नाहीत. पत्ता विचारतात. कोणत्या वस्तीला कोणता टॅग, याची यादी साहेबांनी तोंडी सांगितली आणि मी टाइप केली. गावाबाहेरच्या वस्त्या सगळ्या सफाईत. त्यात इस्लामपूरकडची आमची वस्ती त्यांच्याकडून राहिली होती. ती मी घातली. कुणी न सांगता. राहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, हीच कशी राहिली? ऑफिसात मी सांगलीची म्हणून वावरत होते. माझं स्वतःचं टोकन आधारवरच्या पत्त्यानं निघालंय, हे भीतीच्या भरात विसरले.

त्या एका ओळीनं वस्तीतली एक्केचाळीस माणसं सफाईत गेली. त्यात माझी सख्खी आत्या.

आत्या तेरा वर्षं लेथ मशीन चालवते. जुना कारखाना बंद पडला म्हणून तिनं टोकन काढलं. पाहुणे यायच्या आठ दिवस आधी ती ऑफिसात आली. पदराला हात पुसत माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"आगं, मी लेथवाली. मला फोन येतोय त्यो संडास धुवायचा. कुटं चुकलंय बगतीस का जरा?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी ऐकत होती. मी म्हणाले, "मावशी, तक्रारीचा फॉर्म भरून ठेवा. बघू."

लहानपणी जिच्या कडेवर वाढले तिला मी परक्या बाईसारखं मावशी म्हणाले. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. "बरं, म्याडम," म्हणाली आणि फॉर्म न भरताच गेली. पाहुण्याच्या हसण्यापेक्षा ते 'म्याडम' मला जास्त लागलंय.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "तुझा टॅग बदलून टाक. तुझा एकटीचा. यादीला हात लावू नकोस."

मेहरबानी केल्यासारखं बोलले. आणि खरं सांगते, माझा हात माझ्याच टोकनकडे गेलाही होता. पण तिथं थांबला. मी आत्याचं टोकन उघडलं. लिहिलं : "लेथ ऑपरेटर, तेरा वर्षं. आधीचा टॅग काम न विचारता, वस्तीच्या पत्त्यावरून लावला. लावणारी मी. मी त्याच वस्तीतली." खाली माझं पूर्ण नाव आलं.

संध्याकाळी गाडी काढून वस्तीवर गेले. आत्या दारात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला सांगून काय हुतंय? बाकीच्यास्नी इचार जा, कोण काय काम करतंय ते."

आता रोज संध्याकाळी घरोघर जाऊन विचारते. एकजण वेल्डर निघाला, एकजण टेम्पो चालवणारा. प्रत्येक टोकनवर तेच वाक्य, खाली माझंच नाव. माझ्या टोकनवरचा 'सफाई' मी तसाच ठेवलाय. तो सगळ्यांत शेवटी.

साहेबांना कळेलच. मला काढतील. पण या नोंदी त्यांना काढता येणार नाहीत. ते त्यांनीच मला शिकवलंय.