कोपऱ्यातल्या बाईच्या भुवया

महामारीच्या दिवसांत अख्ख्या शहराने तिला पाहिलं, पण ओळखत तिला कोणी नव्हतं. रोज दुपारी आरोग्य अधिकारी टीव्हीवर माहिती द्यायला उभे राहायचे आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात, काळा सदरा घातलेली एक बाई हातवारे करत असायची. लोक तिला 'कोपऱ्यातली बाई' म्हणायचे. टवाळ पोरं तिची नक्कलही करायची. ती ज्यांच्यासाठी हात हलवत होती त्यांना मात्र साहेब दिसतच नव्हते. त्यांचा सगळा जीव त्या चौकोनात.

तिच्या आईला ऐकू येत नव्हतं, थोरल्या भावालाही नाही. घरात कानाची काय ती हीच. त्यामुळे शाळेत जायच्या आधीपासून ती आईच्या वतीने दुकानदाराशी, डॉक्टरशी, घरमालकाशी बोलायची. माणसं कशी असतात ते तिला तिथेच कळलं. घरमालक म्हणायचा, "आईला सांग, नळ उद्या दुरुस्त करतो," आणि पाठ वळायच्या आत बायकोला म्हणायचा, "कसला नळ आणि कसलं काय." ऐकू न येणाऱ्यापुढे लोक बिनदिक्कत खोटं बोलतात. तेव्हापासून कोणी गोड बोललं की हिच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. लग्नही तसंच मोडलं. मुलाकडचे म्हणाले, आमची काहीच अट नाही. काहीच अट नाही म्हणजे नक्की मोठी अट असणार, असं म्हणून हिने परस्पर नकार कळवून टाकला.

आई गेल्यावर घरात दादा आणि ती. दादा सुतार, ऐकू न येणाऱ्यांच्याच एका लाकडी सामानाच्या कारखान्यात. जन्मभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेलेला, दोन जिने चढला की छातीचा भाता व्हायचा. हा आजार दादाला झाला तर दादा वाचणार नाही, हे तिला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

लस घ्यायची दादाची पाळी जवळ आली आणि नेमकी तेव्हाच विषाणूने रूप बदलल्याची बातमी आली. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. एका वाहिनीवरचा डॉक्टर म्हणे लस आता निकामी झाली. दुसरीवरचा म्हणे हा सगळा बागुलबुवा, सरकारला बाजार बंद करायला निमित्त हवंय. जिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "रूप बदललं म्हणे. सरकारच्या सोयीने बरं बदलतं." इस्त्रीवाला म्हणाला, "आधी म्हणाले मास्क नको, मग म्हणाले लावा, आता म्हणतात दोन लावा. विषाणूपेक्षा हेच जास्त बदलतात, काकू." ती हसली, पण तिच्या मनातलंच ते बोलले होते.

हातांच्या भाषेत या रूप बदलण्याला खूणच नव्हती. ती दादाने काढली. एक मूठ धरायची आणि तिच्यावरून दुसरा हात सदरा चढवल्यासारखा फिरवायचा. चोर तोच, कपडे नवे. ती खूण शहरभर चालली, आणि दादा काही दिवस भलताच भाव खाऊन होता.

साहेब जिथून बोलायचे त्या सभागृहात सगळ्यांची तोंडं झाकलेली असायची. हिचं एकटीचं उघडं, काचेआड, कारण अर्धी भाषा चेहऱ्यावर असते. आधीच संशयी बाई, त्यात समोर नुसते डोळे. एक दिवस कार्यक्रमाच्या आधी साहेबांना बाहेर फोनवर बोलताना तिने ऐकलं : "नाही, ते आज सांगायचं नाही. लोक बिथरतील." पाठोपाठ ते आत आले, माइक धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "नव्या रूपावरही लस काम करते. शंकेला जागा नाही." कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. हातांनी मात्र तिने शब्द न् शब्द इमानाने सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला लस घ्यायला जायचं होतं. तो तयारच होईना.

"जाणार नाही," त्याने हातांनी सांगितलं. "तुझीच खात्री नाही. काल तू विचारत होतीस."

"विचारलं कुठे? सांगितलं मी."

दादाने फोनवर कालच्या कार्यक्रमाचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिने पाहिलं आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. हातांच्या भाषेत हो-नाहीचा प्रश्न शब्दाने विचारत नाहीत, भुवया उंचावून विचारतात. तिचे हात म्हणत होते, लस काम करते. भुवया मात्र पार कपाळावर चढल्या होत्या. शहरातल्या ऐकू न येणाऱ्या सगळ्या लोकांनी वाचलं होतं : लस काम करते का? शंकेला जागा नाही का? तो तुकडा रातोरात सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. सरकारलाच माहीत नाही, सरकारच आपल्याला विचारतंय, असा त्याचा बोभाटा झाला होता.

कामावर पोचताच साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, तुमच्या लोकांपैकी एकजणही आज केंद्रावर फिरकला नाही. काय सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही म्हणालात तेच. भुवया तेवढ्या माझ्या होत्या."

तिने समजावून सांगितलं. साहेबांनी पाणी प्यायला मास्क खाली केला, तेव्हा तिला त्यांचा चेहरा पहिल्यांदा पूर्ण दिसला. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. नोकरी तर गेलीच, असं धरून तिने विचारून टाकलं, "काल फोनवर काय सांगायचं नाही म्हणत होतात?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. "लस काम करते. पूर्वीपेक्षा कमी. किती कमी, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

"मग तेच सांगा ना."

"लोक त्यातलं 'कमी' एवढंच ऐकतील आणि घरी बसतील. आणि मरतील, बाई." त्यांनी मास्क वर ओढला. "आज तेच वाक्य पुन्हा आहे. भुवया सांभाळा."

हे खरं की हीसुद्धा सारवासारव, तिला ठरवता येईना. पण डोळ्यांपुढे दादाची छाती होती. ती काचेआड उभी राहिली, चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवला, आणि कसलीही शंका नसल्यासारखं सांगून मोकळी झाली.

संध्याकाळी घरी आली तर दादा दंड चोळत बसला होता.

"आज नीट सांगितलंस," तो म्हणाला. "म्हणून गेलो. कारखान्यातले आम्ही सगळेच गेलो."

तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तेवढ्यावर तिने गप्प बसायला हवं होतं. पण दादाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. चहाचा कप खाली ठेवून तिने सगळं सांगितलं. फोन, साहेब, 'कमी', 'किती ते माहीत नाही', सगळं.

दादा तिच्या हातांकडे बघत राहिला.

"कमी, पण करते. किती ते माहीत नाही. एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यावर मी गेलो असतो."

ती म्हणाली, भीती वाटली. त्याने कप धुतला, पालथा घातला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवं काही सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, "आज पाहिलंस का मला?"

दादाने नाही म्हणून मान हलवली. टीव्ही लावलाच नव्हता.

"तुझे हात कळतात," तो म्हणाला. "चेहरा आता कुणाचा असतो, ते कळत नाही."